मृगाचा बाण आणि टेन-फिफ्टी

दिवाळी उरकली आणि पाऊस खरोखर गेला अशी खात्री पटली की ऑफिसात दरवर्षी कुणीतरी एकजण मला कॉफी मशीनपाशी गाठतो. प्रश्न ठरलेला. "आकाश बघायला बायनॉक्युलर घ्यायचीये. सेव्हन-फिफ्टी घेऊ की टेन-फिफ्टी?" विचारणारा दहा रिव्ह्यू वाचून आलेला असतो आणि त्यातल्या निम्म्यांत लिहिलेलं असतं की ताऱ्यांसाठी सेव्हन-फिफ्टीला तोड नाही. माझं उत्तर एका ओळीचं आहे: पुण्यात राहणार असशील तर टेन-फिफ्टी घे. पण ही ओळ सहसा पटत नाही, कारण समोरच्याच्या बाजूने जुनी, भरवशाची इंग्रजी पुस्तकं उभी असतात.

ती पुस्तकं खोटं सांगत नाहीत. फक्त ती आपल्या आकाशाबद्दल बोलत नाहीत. ७ आणि ५० हे आकडे कुठून आले, आणि मधल्या काळात पुण्याचं आकाश कुठे गेलं, हे दोन्ही एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. या वीकेंडला मुहूर्त लागला.

आधी पुणं. शिवाजीनगरच्या सीओईपीत शिकलेल्या किती जणांना माहीत असतं कोण जाणे, पण त्या कॉलेजच्या आवारात एके काळी वेधशाळा होती आणि तिच्यातली दुर्बीण पुढे कित्येक दशकं भारतातली सगळ्यात मोठी दुर्बीण होती. तेव्हा कॉलेजचं नाव कॉलेज ऑफ सायन्स. वेधशाळा उभारणारे कावसजी दादाभाई नेगमवाला हे मूळचे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले पारशी प्राध्यापक. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५००० रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच रक्कम घातली. मूळ बेत वर्णपटाचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा उभारायचा होता. १८८४ मध्ये नेगमवाला इंग्लंडला गेले, तिथल्या खगोलशास्त्रज्ञांशी बोलले आणि प्रयोगशाळेची वेधशाळा झाली. (फंडिंग मिळाल्यावर स्कोप वाढणं ही आपल्या धंद्यातली गोष्ट नवी नाही म्हणायची.) १८८५ ला ते पुण्यात आले, १८८८ मध्ये 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' तयार झाली. डब्लिनच्या ग्रब कारखान्यात बनलेली तिची २० इंची परावर्तक दुर्बीण पुढे भावनगर टेलिस्कोप या नावाने ओळखली गेली.

आता या माणसाने शिवाजीनगरातून पाहिलं काय? इतर गोष्टींबरोबर, मृगातला तेजोमेघ. मृग नक्षत्र तुम्हाला ठाऊक असतंच: चार पायांचा चौकोन आणि मधोमध एका रेषेत तीन तारे. आपल्याकडे ते तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण. बाणाच्या खाली अंधुक ताऱ्यांची एक छोटी ओळ लोंबते आणि त्या ओळीत मध्यावर जो धुरकट ठिपका दिसतो तो तेजोमेघ. त्याचा प्रकाश वर्णपटात पसरला की हिरव्या भागात एक ठळक रेषा दिसते. ही रेषा कशाची, यावर १८९० च्या आसपास युरोप-अमेरिकेत जोरदार भांडण चालू होतं. नॉर्मन लॉकियर म्हणत होता की ती मॅग्नेशियमची, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती एका बाजूने पसरट दिसायला हवी. नेगमवालांनी पुण्यातून पाहिलं तर रेषा बारीक आणि धारदार. लॉकियर हा त्यांच्या इंग्लंडमधल्या मुख्य सल्लागारांपैकी एक. तरी त्यांनी जे दिसलं ते १८९१ मध्ये छापलं. मला हे फार आवडतं. ती रेषा मॅग्नेशियमची नाहीच, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे हे आयरा बोवेनने १९२७ मध्ये दाखवलं. तोवर 'नेब्युलियम' नावाचं एक काल्पनिक मूलद्रव्य सुखाने नांदत होतं. तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गंमत म्हणजे त्याच वर्षांत, त्याच पुण्यात, दुसरा एक माणूस मृगाच्याच मागे लागला होता. लोकमान्य टिळकांचं 'ओरायन' १८९३ चं. वसंतसंपात मृगशीर्षात होता तेव्हाच्या खुणा वेदांत सापडतात, म्हणून वेद इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांपर्यंत मागे जातात असा त्यांचा दावा. आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ पुण्यातच १८९६ ला छापला गेला. टिळकांची कालगणना आज सगळ्यांना मान्य नाही, तो वाद वेगळा. पण एकाच छोट्या शहरात पाच-सहा वर्षांच्या आत एकजण मृगाचा वर्णपट तपासतोय, एकजण त्यावरून वेदांचा काळ काढतोय आणि एकजण नक्षत्रांचा इतिहास लिहितोय, हे चित्र मला भन्नाट वाटतं. यासाठी आकाश मुळात दिसावं लागतं, आणि ते दिसत होतं.

नेगमवाला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी सोलापूरकडच्या जेऊरला गेले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची टीमही जेऊरलाच होती. लॉकियर गेला विजयदुर्गला. (१८६८ साली लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असा एक फॉरवर्ड दरवर्षी फिरतो. १८६८ साली तो इंग्लंडातच होता. विजयदुर्गावर आला तो या १८९८ च्या ग्रहणाला. असो.) १९१२ मध्ये नेगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला रवाना झालं. एका माणसाच्या जिवावर चाललेलं काम त्या माणसाबरोबर संपलं. तेव्हा पुण्याच्या आकाशाची काही तक्रार नव्हती.

त्यानंतर १९४४ मध्ये, २२ ऑगस्टला, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, हौशी लोकांची. टिळक रोडवर टिळक स्मारक मंदिरात तिचा पत्ता आहे. महायुद्ध ऐन भरात होतं, आणि आपल्या प्रश्नातली सेव्हन-फिफ्टी नेमकी याच काळात जगभरच्या आरमारांसाठी ढिगाने बनत होती. म्हणून इथे पुण्याला पॉज देऊन जरा बायनॉक्युलरकडे वळतो.

दोन डोळ्यांची दुर्बीण ही दुर्बिणीइतकीच जुनी कल्पना आहे. १६०८ मध्ये हान्स लिपरशे आपली दुर्बीण घेऊन डच सरकारकडे गेला, तर त्यांनी पहिली मागणी हीच केली की दोन्ही डोळ्यांनी बघता येईल अशी करून दे. पण दोन साध्या नळ्या शेजारी ठेवून भागत नाही. गॅलिलिओ पद्धतीने केली तर दृश्य किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं अरुंद, आणि बहिर्वक्र नेत्रभिंग लावलं तर चित्र उलटं. १८५४ मध्ये इग्नाझियो पोरो या इटालियनाने काचेच्या लोलकांत प्रकाश चार वेळा परावर्तित करून चित्र सुलटं करायची युक्ती पेटंट केली. शिवाय वाट दुमडली गेल्याने नळी आखूड झाली. युक्ती बरोबर, पण काच तेवढी शुद्ध नव्हती. म्हणजे डिझाइन तयार आणि हार्डवेअर मागे. ते हार्डवेअर येनामध्ये ओटो शॉटने १८८० च्या दशकात दिलं, आणि एर्न्स्ट आबेच्या देखरेखीखाली झाइस कंपनीने १८९४ मध्ये लोलकाची बायनॉक्युलर बाजारात आणली. आजही खोक्यावर 'बीके-७' किंवा 'बाक-४ प्रिझम' लिहिलेलं असतं ना? ती शॉटच्या काचेच्या यादीतली नावं आहेत: पहिली बोरॉनवाली क्राऊन काच, दुसरी बेरियमवाली.

या कुटुंबातली सेव्हन-फिफ्टी ही खास आरमारी. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पन्नासला सातने भागा: ७.१. नेत्रभिंगातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत इतक्या मिलिमीटर जाडीचा असतो. पूर्ण काळोखात, डोळे वीस-तीस मिनिटं सरावल्यावर, तरुण माणसाची बाहुली जास्तीत जास्त साधारण ७ मिमी उघडते. रात्री दिवे मालवलेल्या, डुलणाऱ्या जहाजावर उभ्या वीस-बावीस वर्षांच्या खलाशाच्या डोळ्याचं हे माप आहे. सातपटच का, तर त्यापुढे हात-पाय-जहाज सगळंच हलताना चित्र टिकत नाही. थोडक्यात, उत्तम इंजिनिअरिंग, पण रिक्वायरमेंट दुसऱ्याची.

युद्ध संपल्यावर हा लष्करी माल युरोप-अमेरिकेत स्वस्तात बाजारात आला आणि हौशी आकाशनिरीक्षकांनी तो उचलला. गावाबाहेर गेलं की तेव्हा त्यांच्याकडेही जहाजावरच्यासारखाच काळोख होता, त्यामुळे ७.१ मिमीचं गणित चपखल बसलं. पुस्तकांतला सल्ला या पिढीचा आहे. तो एका पुस्तकातून दुसऱ्यात, तिथून रिव्ह्यूत आणि तिथून आपल्या कॉफी मशीनपर्यंत आला.

परत पुण्याला येऊ. आकाश गेलं ते एका दिवसात नाही. आमच्या पिढीने काळोख शेवटचा पाहिला तो शाळेत असताना, लोडशेडिंगच्या कृपेने. वीज गेली की सगळी सोसायटी गच्चीवर, आणि शिव्या देता देता वर बघायची. २००६ मध्ये उद्योगांच्या जनरेटरांच्या जोरावर शहराला भारनियमनातून सोडवणारं 'पुणे मॉडेल' आलं. पुण्याने सुटकेचा श्वास टाकला, आणि तारे बघायची फुकट सोय गेली. (तक्रार नाही. लोडशेडिंगमध्ये बारावीचा अभ्यास केलेल्या कुणालाही विचारा.) त्याच २००६ च्या मे महिन्यात आयुकाने आपली दोन मीटरची दुर्बीण सुरू केली, तीही गणेशखिंडीत नाही, तर नाशिक रस्त्याच्या बाजूला शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर, गिरवलीच्या डोंगरावर. ज्या शहरातून नेगमवालांनी तेजोमेघाची रेषा तपासली त्याच शहरातल्या संशोधकांना १०० वर्षांनंतर डोंगर शोधावा लागला.

मग रस्त्यावरचे दिवे बदलले. पिवळ्या सोडियम दिव्याचा प्रकाश बराचसा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास गोळा झालेला असायचा. पांढऱ्या एलईडीत मात्र ४५० च्या जवळ निळ्याचा उंच सुळका असतो. हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. गुणाकार केला तर ४५० चा प्रकाश ५८९ च्या जवळजवळ तिप्पट विखुरतो. एलईडीने वीज वाचते हे खरंच आहे, पण त्याच दिव्याचं तोंड नीट खाली वळवलं नाही तर वाचवलेल्या विजेचा हिशोब आकाशात लागतो. महाराष्ट्रात काळोख जपायचा सरकारी प्रयत्न झालाय तो पेंचच्या जंगलात. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातला पहिला 'डार्क स्काय पार्क' म्हणून जाहीर झाला. पुण्याहून तिथे वीकेंडला जाऊन येणं मात्र अवघड आहे.

आता गणित. (नको असेल तर हा एक परिच्छेद गाळा, निष्कर्ष वर दिलेलाच आहे.) कोथरूडच्या किंवा वाकडच्या गच्चीवर, शेजारच्या टॉवरचा फ्लडलाइट डोळ्यात येत असताना, बाहुली ७ मिमी उघडत नाही. ५ धरू. सेव्हन-फिफ्टीतून ७.१ मिमीचा झोत आला, डोळ्यात शिरला ५ मिमी, म्हणजे ५० च्या भिंगातलं ३५ मिमीच कामाला आलं आणि निम्मा प्रकाश भुवईवर सांडला. टेन-फिफ्टीचा झोत बरोबर ५ मिमीचा, सगळा आत. बरं, समजा तुम्ही कांबळं डोक्यावर घेऊन बसलात आणि बाहुली खरंच ७ मिमी झाली. तरीही टेन-फिफ्टीच सरस. तारा हा बिंदू आहे, तो मोठा होऊन पसरत नाही, त्यामुळे दोन्हींत सारखाच तेजस्वी. आकाशाचा राखाडी पडदा मात्र दहापटीत जास्त ताणला जातो आणि निम्म्याने काळा पडतो. शहरात लढाई ताऱ्याच्या प्रकाशाची नाहीच, ती पडद्याशी आहे. नुसत्या डोळ्याच्या ५ मिमीच्या तुलनेत ५० मिमीचं भिंग १०० पट प्रकाश गोळा करतं, म्हणजे खगोलवाल्यांच्या भाषेत बरोबर ५ प्रती. काचेतली गळती आणि हाताची थरथर वजा केली तरी बरंच काही हाती उरतं.

मग आणखी पुढे, फिफ्टीन-सेव्हंटी का नको? दिसतं अप्रतिम. पण वजन दीड किलोच्या आसपास आणि पंधरापटीत प्रत्येक तारा मुंगीसारखा वळवळतो, त्यामुळे ट्रायपॉड आला. ट्रायपॉड आला की डोक्यावरचं आकाश बघताना मान मोडते. पहिली खरेदी म्हणून मी सुचवत नाही. तसा ब्रिटनच्या जॉर्ज अल्कॉकने १९८३ मध्ये १५ बाय ८० ने, घरात बसून, खिडकीच्या काचेतून धूमकेतू शोधला होता हे खरं. पण त्याला हजारो ताऱ्यांच्या जागा पाठ होत्या!

अक्षांशाचाही एक मुद्दा आहे, जो परदेशी पुस्तकांत येणारच नाही. लंडनहून मृग जेमतेम ३३ अंश वर चढतो. पुण्याहून ६६. शहराची आभा क्षितिजाजवळ सगळ्यात वाईट आणि डोक्यावर सगळ्यात कमी. म्हणजे मृगाच्या बाबतीत आपलं नशीब दुप्पट उंच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री नऊ-दहाला गच्चीवर सरळ चटई टाका, आडवे व्हा, कोपर छातीशी टेकवा. टेन-फिफ्टीच्या साडेसहा अंशांच्या चौकटीत अख्खा बाण आणि खालची तेजोमेघाची ओळ एकदम मावते.

बाकी काय बघायचं, त्यासाठी आपल्या पंचांगासारखी यादी नाही. लग्नात भटजी वसिष्ठ-अरुंधती दाखवतात आणि नवरा-नवरी "हो हो दिसली" म्हणतात, कारण कार्यालयाबाहेर हॅलोजन असतो. अरुंधती आहे चौथ्या प्रतीची, शहराच्या अगदी काठावरची. बायनॉक्युलरमध्ये दोघं ठसठशीत वेगळी दिसतात. कृत्तिकांच्या सहा-सात ताऱ्यांऐवजी मूठभर हिऱ्यांची कुडी दिसते. आणि पुष्य! गुरुपुष्याला सोन्याच्या जाहिरातींनी पेपर भरतो, पण ज्याच्या नावाने हे सगळं चालतं ते नक्षत्र गावात राहून पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही. त्याचे तारे चौथ्या प्रतीच्या आसपासचे, पडद्यात गायब. मिथुनेतले दोन जुळे तारे आणि सिंहेतली मघा यांच्या मधल्या रिकाम्या जागेत टेन-फिफ्टी फिरवा. एके ठिकाणी अचानक वीस-पंचवीस ताऱ्यांचा थवा येतो. तो पुष्यातला तारकागुच्छ. माझ्या मते पुण्यात बायनॉक्युलरचे पैसे इथे वसूल होतात.

दुकानात गेलात तर दोन-तीन गोष्टी पाहा. बायनॉक्युलर हातभर लांब धरून नेत्रभिंगातला प्रकाशाचा ठिपका बघा: गोल असेल तर लोलक बरे, कडा चौकोनी कापलेल्या असतील तर स्वस्तातले. भिंगं लालभडक चमकत असतील तर ठेवून द्या, तो लाल थर शोभेचा. खरा थर हिरवट-जांभळा, फिका दिसतो. हा थरही येनाचीच देणगी, झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये शोधलेली. तो नसेल तर काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो, आणि दहाएक पृष्ठभाग पार करेपर्यंत एक तृतीयांश किंवा जास्तच गेलेला असतो. '१० ते ३० झूम' वगैरे लिहिलेलं काहीही घेऊ नका. सेकंडहँड मिळत असेल तर भिंगातून उजेडाकडे बघून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी तपासा, पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसात ती हमखास धरते. स्वतःची असेल तर जूनमध्येच हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

राहिला तो ५००.७ चा आकडा. शहरी आकाशासाठी 'नेब्युला फिल्टर' म्हणून काचेच्या छोट्या चकत्या मिळतात. त्या जवळपास सगळा प्रकाश अडवतात आणि ऑक्सिजनची ५००.७ ची रेषा व तिच्या शेजारच्या एक-दोन रेषा सोडतात. सोडियम बाद, एलईडीचा निळा सुळका बाद. नेगमवालांनी शिवाजीनगरातून जिची धार तपासली तीच ही रेषा, फक्त आता ती विकत मिळणाऱ्या चाळणीचं भोक झालीये. बायनॉक्युलरला असे दोन फिल्टर लागतात आणि बहुतेक नेत्रभिंगांना ते बसवायला आटेच नसतात, त्यामुळे लगेच खरेदीला धावू नका. पण कुणाकडे एखादा असेल तर मागून आणा, एका डोळ्यासमोर हाताने धरा, दुसरा मोकळा ठेवा आणि बाणाखाली बघा. मोकळ्या डोळ्याला राखाडी आकाशातला एक पुसट डाग दिसेल. फिल्टरच्या डोळ्याला आजूबाजूचे तारे मंदावलेले दिसतील, आकाश काळं पडेल, आणि डाग पंख पसरून मोठा होईल.